अप्पांच्या वेष्टीतलं भोक

अप्पा, आज सरस्वतीपूजा आहे. म्हणजे आज वाचायचं नाही, लिहायचं नाही. घरातली पुस्तकं, वह्या, पेनं सगळी देवीपुढे पाटावर रचायची आणि उद्या विजयादशमीला पूजा झाली की मगच त्यांना हात लावायचा. हा नियम तुम्ही कुंभकोणमच्या या घरात इतका कडक पाळलात, की एका वर्षी शेजारचे मामा कसल्याशा अर्जावर सही मागायला आले, तर तुम्ही त्यांना वाटीभर हरभऱ्याचं सुंडल खायला घालून "उद्या या" म्हणून परत पाठवलंत. आणि मी, तुमचीच मुलगी, आज स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तुम्हाला पत्र लिहिते आहे. पेन देवीपुढे गेलं, म्हणून गॅसचा सिलिंडर कधी लावला त्याची खूण करायची पेन्सिल घेतली आहे, आणि कागद म्हणजे कॅलेंडरची फाडलेली पानं, मागची कोरी बाजू. रागवायचं तर रागवा. पण उद्या सकाळी काय होणार ही काळजी मला सकाळपासून लागली आहे, आणि ते बोलायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही.

काळजी तुमच्या नातीची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती एवढीशी होती. असल्याच एका विजयादशमीला तुम्ही तिला मांडीवर घेऊन परातीतल्या तांदळात तिचं बोट धरून पहिलं अक्षर काढलंत, आणि तिने ते अक्षर मोडून मूठभर तांदूळ तोंडात कोंबले. ती पोर आता तिशीला आली आहे. जर्मनीत संशोधन करत होती, वर्महोलवर. तुम्ही पुण्याहून मासिकं मागवून मला जी पुस्तकी मराठी शिकवलीत तिच्यात त्याला कृमिविवर म्हणतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, म्हणून मी आपलं वर्महोलच म्हणते. आषाढात ती न कळवता घरी आली. एक बॅग, पाठीला लॅपटॉप, आणि डोळे असे की मी दार उघडल्यावर आधी "काय झालं?" हेच विचारलं. "काही नाही. थोडे दिवस राहू दे," म्हणाली आणि माडीवरच्या खोलीत गेली. ती जी गेली ती गेलीच, अप्पा. आंघोळीला खाली येते, ताटातलं दोन घास चिवडते, परत वर. दार लोटलेलं. आत पंखा फिरतो, त्याचाच काय तो आवाज.

ती तिकडे काय करत होती ते तुम्हाला सांगते, म्हणजे जेवढं मला कळलं तेवढं. आठवतंय का, कार्तिकातल्या एका संध्याकाळी तुम्ही मला गच्चीवर नेऊन एक पुसट डाग दाखवला होतात? ती देवयानी दीर्घिका, म्हणालात, आपल्या आकाशगंगेची शेजारीण, आणि तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षं लागतात. मी विचारलं, दुसरी जवळची वाट नाही का? तुम्ही हसलात. "आपल्याला पापनाशमला जायचं तरी दोन वाटा आहेत. तिथे जायची एकच, आणि तिच्यावरून अजून कोणी चाललेलं नाही." तर तुमची नात त्या दुसऱ्या वाटेच्या मागे लागली. गणित म्हणतं की अवकाश वाकलं तर दोन लांबच्या जागांना जोडणारी अशी एक वाट असू शकते, दोन दीर्घिकांनासुद्धा. असू शकते, आहे असं कोणी म्हणत नाही. आणि असली तरी ती टिकत नाही. तिचा घसा इतक्या झटक्यात आवळतो की उजेडाचा किरणसुद्धा पलीकडे पोचायच्या आत वाट मिटून जाते. ती उघडी धरायची तर आत असं काहीतरी लागतं जे ओढत नाही, उलट ढकलतं. ऋण ऊर्जा म्हणतात त्याला. ती चिमूटभर कुठे कुठे आढळते म्हणे, पण माणूस जाईल एवढी वाट उघडी ठेवायला लागते डोंगराएवढी. हिचं म्हणणं होतं की डोंगर लागत नाही, घसा एका ठरावीक आकाराचा असला तर चिमूटभरच पुरते. दर रविवारी ती मला फोनवर हे सांगायची आणि मी सांबार ढवळत "हूं, हूं" म्हणायची. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी, आरसे, भिंगं, लोहचुंबक. पण खरं सांगू, तिचं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. विचारायची लाज वाटायची.

मग तो दिवस झाला. तो तिने मला घरी आल्यानंतर बऱ्याच दिवसांनी, भिंतीकडे बघत, तुटक तुटक सांगितला. प्रबंध द्यायचा फक्त बाकी होता. सगळ्यांपुढे ती फळ्यावर आपलं गणित मांडत होती, आणि मागच्या बाकावरच्या एका नव्या मुलीने अगदी साधेपणाने विचारलं, "तिथे उणे का आहे?" हिने वळून फळ्याकडे पाहिलं. तिथे उणे नको होतं. अधिक हवं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी पहिल्याच पानावर झालेली चूक, आणि पुढचं सगळं, अस्कं अस्कं, तिच्यावर उभं. चिमटीचा पुन्हा डोंगर झाला. "मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, अम्मा," ती म्हणाली. "मला वळताच येईना. कोणी काही बोलेना. खडू तसाच हातात." त्यानंतर तिचे मार्गदर्शक म्हणे म्हणाले की यातूनही काहीतरी काढता येईल, वेळ घे. पण हिने खोली रिकामी केली आणि विमानात बसली.

मला भीती वाटते, अप्पा. ही पोर जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, अशी भीती वाटते. हे शब्द मी आजपर्यंत उच्चारले नव्हते. तुमचे जावई गेल्यावर या घरात आम्ही दोघीच. मी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली आणि गंजली होती म्हणून सांगितलं. परसातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली, मांजर पडेल म्हणून. आपल्याकडे मांजर कुठे आहे? तिने जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वर निघून गेली. तिला कळलं असणार. रोज पहाटे मी जिन्याच्या खाली उभी राहते, वर पाय वाजला की मगच कॉफीचं पाणी ठेवते. एखाद्या सकाळी पाय लवकर वाजत नाही, आणि मी कठड्याला धरून तशीच उभी असते.

आता तुमच्याकडे येते, कारण मुळाशी तुम्ही आहात. चिडून नाही म्हणत. थोडं चिडूनच म्हणते. आपल्या घरापुढच्या तिण्णैवर संध्याकाळी तुमची शिकवणी भरायची. रस्त्याकडेच्या त्या ओट्यावर गल्लीतली पोरं दाटीवाटीने बसलेली, त्यांच्यात मी, आणि भिंतीला टेकवलेला तुमचा फळा. बाहेर अस्कं तमिळ, उंबरा ओलांडला की आपली मराठी. मला वाटायचं अप्पांना दोन तोंडं आहेत. तुमची खोड अख्ख्या कुंभकोणमला ठाऊक होती: फळ्यावर मध्येच काहीतरी चुकीचं लिहायचं आणि पाठ फिरवून उभं राहायचं. ज्याला चूक सापडेल त्याला सदऱ्याच्या खिशातून खडीसाखरेचा खडा. एकदा मला चूक सापडली आणि मी टाळ्या पिटून ओरडले, "अप्पा चुकले! अप्पा चुकले!" सगळी पोरं हसली. तुम्ही खडा दिलात, पण आत आल्यावर म्हणालात, "चूक दाखवावी. नाचू नये. उद्या तू फळ्यापुढे उभी असशील." तो खडा मला त्या दिवशी गोड लागला नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की अप्पा कधी चुकत नाहीत, अप्पा मुद्दाम चुकतात.

आणि मग तो उन्हाळ्याचा दिवस. तुम्ही फळ्यावर सूर्य काढलात, त्याभोवती लांबट वर्तुळ, आणि लिहिलंत की पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा होतो. शिकवणी संपली. कोणी काही बोललं नाही. तुम्हीही नाही. पोरं पाटीदप्तर घेऊन घरी गेली. दिवेलागण झाली तरी तुम्ही खिडकीशी पुस्तक उघडून बसलेले, मग दुसरं पुस्तक, मग नकाशा. आईने पान वाढलं, ते तसंच. आई म्हणाली, "आमटी निवली." तुम्ही म्हणालात, "भूक नाही." तुम्हाला आमटी नको, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्याशी आलात आणि आमच्यावर असे कडाडलात! "काल तासभर या फळ्यावर खोटं उभं होतं आणि एकाचंही तोंड उघडलं नाही? आपल्याकडे चित्तिरैमध्ये डोकं भाजतं तेव्हा ऑस्ट्रेलियात लोक स्वेटर घालतात. पृथ्वी काय आपल्यापुरती जवळ येते?" मग कललेल्या आसाची आकृती काढलीत, किरण सरळ पडतात ती बाजू, तिरपे पडतात ती बाजू. आम्ही सगळे खाली माना घालून बसलो. मला तर रडूच आलं, की अप्पांनी एवढी सोपी चूक ठेवली आणि मला ती दिसली नाही.

ही खडीसाखरेची गोष्ट मी तुमच्या नातीला शेकडो वेळा सांगितली असेल. जेवायला मागेपुढे करायला लागली की सांग, झोपत नसली की सांग. तुझे आजोबा किती हुशार, मुद्दाम चुकायचे. ती खदखदून हसायची. आता जिन्याखाली उभं राहून मला वाटतं, मी या पोरीला काय शिकवलं? हेच ना, की शहाणी माणसं चुकतात ती मुद्दाम, आणि खरोखर चुकतो तो मूर्ख? म्हणून ती फळ्यापुढे उभी राहिली तेव्हा तिला पाय टेकायला जागाच नव्हती. तिच्या घरात तिच्याआधी कोणी खरोखर चुकलेलंच नव्हतं.

नवरात्र आलं. कोलू मांडायचा की नाही इथपासून माझी तारांबळ. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडून नऊ दिवस गल्लीतल्या बायकांना सुंडल खायला घालायचा हा उद्योग म्हणजे तुमच्या लेखी नुसता गलका, पण दर वर्षी पायऱ्या तुम्हीच ठोकून द्यायचात, आणि तुम्ही गेल्यापासून वरच्या पायरीवर तुमचीच वेष्टी अंथरते मी. ती तिरुभुवनमच्या विणकरांकडची, पुण्याकडे जिला धोतर म्हणतील ती, रेशीमकाठी, निवृत्तीच्या दिवशी शाळेतल्या मुलांनी दिलेली. तुम्ही ती एकदाच नेसलात आणि म्हणालात की हिच्यात मी देवळातली उत्सवमूर्ती दिसतो, खांदे देणारे तेवढे बोलवा. कोलूत दर वर्षी काहीतरी नवं हवं. या वर्षी माझ्या डोक्यात आलं, वर्महोल करावा. तिला आपल्या विषयाचं काही दिसलं तर ती जाता-येता थांबेल, उभी राहील. लगेच दुसऱ्या मनाने म्हटलं, जखमेवर मीठ चोळतेस का? असं दोन दिवस चाललं. शेवटी केलं. काळ्या कागदावर रांगोळीने एक आकाशगंगा, शेजारी दुसऱ्या कागदावर देवयानी. वॉशिंग मशीनची पाणी जायची जुनी नळी होती, तिला चंदेरी कागद गुंडाळला, आत दिव्यांची माळ घातली. नळीचं एक टोक आकाशगंगेत खोचलं, नळी पायऱ्यांच्या मागून वळसे देत फिरवली आणि दुसरं टोक देवयानीत आणून सोडलं. दोन टोकांना लाकडाचे राजा-राणी उभे केले, आईने माझ्या लग्नात दिलेले. दिवे लावले. मला स्वतःलाच काय कौतुक वाटलं!

समोरच्या मामी आल्या, हळदीकुंकू घेतलं, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं हे? आपल्या रस्त्याला भुयारी गटार येणार येणार म्हणतात, ते तुझ्याच घरात आलं की काय?" मी म्हटलं, मामी, हा एका दीर्घिकेतून दुसऱ्या दीर्घिकेत जायचा रस्ता आहे. "अय्यय्यो! आणि राजाला तिकडे एकट्याला पाठवलंस? जेवायचं काय त्याचं?" बायका हसल्या, मीही हसले, पण कान जिन्याकडे. वर काही हललं नाही.

ती खाली आली दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी प्यायला. मी निवडत बसले होते ते सूप तसंच मांडीवर. ती कोलूपुढे थांबली. वाकून बघायला लागली.

"अम्मा, हे काय आहे?"

"वर्महोल," मी म्हटलं.

"हे?" तिने नळीवर बोट ठेवलं आणि ते बोट नळीवरून सरकवत पायऱ्यांच्या मागे गेली, पलीकडून बाहेर आली. केसाला जळमट लागलेलं. "या दोन दीर्घिका एकमेकींपासून किती लांब मांडल्यास?"

"वीतभर."

"आणि नळी?"

मी पायऱ्यांच्या मागचे वळसे बोटाने दाखवले.

"बाहेरून वीतभर आणि आतून अस्कं घर फिरून यायचं, तर आत शिरेल कोण अम्मा? वर्महोल मणजे आतली वाट आखूड! तेवढंच तर त्याचं काम! आणि ही नळी कुठून आली? मोकळ्या जागेत नळी पडलेली नसते. जागाच वाकते. नक्को, हे असं नक्को, लोक बघतायत." ती बोलत होती, अप्पा. ओरडत होती माझ्यावर. आषाढापासून मी जो आवाज ऐकायला तरसले होते तो आवाज, पार वरच्या पट्टीत. "ती वरची वेष्टी दे इकडे."

बाहुल्या उतरवून मी वेष्टी दिली. तिने ती दुमडली, मधे हातभर अंतर ठेवून दोन पदर दोन पायऱ्यांवर ताणून बसवले, वरच्या पदरावर आकाशगंगा, बरोब्बर तिच्या खाली खालच्या पदरावर देवयानी. "आता कापडावरून चालत जायचं तर दुमडीपर्यंत जाऊन वळून यावं लागेल. ती तुझी पंचवीस लाख वर्षं. आणि इथून सरळ खाली..." ती थांबली. "कापायला लागेल, अम्मा. दोन भोकं. आजोबांच्या वेष्टीला." तिच्या हातात माझी शिवणाची कात्री होती आणि ती माझ्याकडे बघत होती. तुमची ती एकच वेष्टी राहिली आहे घरात. बाकी अस्कं आईने देऊन टाकलं होतं. "काप," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. रेशमी काठ सोडून तिने मधोमध कापलं, दोन्ही पदरांना सारखं, आणि त्या दोन कडा एकमेकींना शिवल्या, मधे आखूडसा घसा राहील अशा. खरं तोंड चेंडूसारखं गोल असतं, कुठूनही आत शिरता येतं, पण कापडात एवढंच जमतं, असं काहीबाही पुटपुटत होती. शिवून झालं आणि तो घसा लोंबून मिटला. तिने माझा हात ओढला. बांगडी निघेना, खोबरेल लावून काढली. ती बांगडी तिने घशात बसवली, आणि वाट उघडली, वरून पाहिलं की खालची देवयानी दिसायला लागली.

मग तिने बांगडी काढून घेतली. कापड पुन्हा मिटलं.

"हे असं होतं," ती म्हणाली. "मी शोधत होते ती ही बांगडी. मला वाटलं मला मिळाली, अम्मा." आणि ती तिथेच, कोलूपुढे जमिनीवर बसून रडली. मी सूप बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं. तीन महिने न रडलेली पोर, हुंदके देऊन देऊन रडली. मग नाक पुसलं, बांगडी परत घशात बसवली आणि म्हणाली, "लोक येतील संध्याकाळी. उघडी राहू दे."

मी उठले, फळीवरचा डबा काढला आणि तिच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. विचार करून नाही, हात आपोआप गेला. तिने खड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी काहीतरी उजळलं. "अम्मा! मुद्दाम केलंस ना तू? आजोबांसारखं! लांब नळी लावलीस मणजे मी येऊन भांडेन मणून!" आणि मी हसले, अप्पा. शाळेत मुलांनी उत्तर ओळखल्यावर हसतो ना आपण, तसं ओठ मिटून. तिने मला घट्ट मिठी मारली. "तू पण ना!" म्हणाली.

तो खडा तिने खाल्ला नाही, देवयानीवर ठेवला. सकाळी मला तिची हाक ऐकू आली, "अम्मा, लवकर ये!" मी धावत गेले. तर मुंग्या. भिंतीवरून वरच्या पदरावर उतरलेल्या, आणि तिथून एकामागून एक बांगडीतून खाली देवयानीवर, साखर घेऊन परत बांगडीतून वर. एकही मुंगी दुमडीकडून जात नव्हती. ती गुडघ्यांवर बसून बघत होती आणि हसत होती. समोरच्या मामींना हाक मारून दाखवलं. मामी म्हणाल्या, "आता पटलं. परवा उगाच मेला पाइप लावला होता हिने." त्या दिवसापासून ती खाली बसून पोटभर जेवते. काल रस्समचा दुसरा वाडगा मागितला.

आज सकाळी मी पाटावर पुस्तकं रचत होते. ती जिन्यात उभी. "लॅपटॉप ठेवला तर चालतो का?" मी म्हटलं, का नाही चालत? तिने तो आणून सगळ्यांत खाली ठेवला, वर तुमचा जुना नकाशा, त्यावर मी फूल वाहिलं. हात जोडून ती म्हणाली, "उद्या उघडायला लागेल ना?" देवीपुढे ठेवलेलं विजयादशमीला उघडून ओळभर तरी वाचायचं, हा तुमचाच नियम. "लागेल," मी म्हटलं. तेव्हापासून मला कुठे चैन नाही. उद्या ती ते पहिलं पान उघडणार. तिथे ते उणे असणार. आणि ती मनाशी म्हणणार, आजोबा मुद्दाम चुकायचे, अम्मा मुद्दाम चुकली, या घरात खरी मूर्ख मी एकटीच. मग परत वर जाईल, दार लोटेल, आणि या खेपेला कुठली नळी आणि कुठली वेष्टी तिला खाली आणणार आहे?

म्हणून विचारते, अप्पा, आणि तुम्ही आता रागावू शकत नाही म्हणूनच विचारते. त्या उन्हाळ्याच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का? की तुम्ही खरंच चुकला होतात, आत आल्यावर लक्षात आलं, आणि म्हणून आमटी उतरली नाही घशाखाली? आणि दुसऱ्या दिवशी आमच्यावर ओरडलात ते लाज वाटली म्हणून? इतकी वर्षं हे माझ्या मनात आलं नाही. आता त्या खिडकीशी बसलेले तुम्ही मला दिसता ते एका शहाण्या माणसासारखे नाही, जिन्याखाली उभ्या असलेल्या माझ्यासारखे दिसता. आणि खरं सांगू? मला तुम्ही कधी इतके जवळचे वाटला नव्हतात. तुम्ही तेव्हा नुसतं म्हणाला असतात, "काल माझं चुकलं," तर आम्ही काय तुम्हाला कमी मान दिला असता?

हे पत्र पाटावरच्या पुस्तकांत सरकवून ठेवावं, उद्या तिच्या हाती लागेल, मला बोलायला नको, असं एकदा मनात आलं. पण नको. ते तोंडानेच सांगायचं. पानं तुमच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवते, तिथून ती कुठेही जाणार नाहीत. माडीवर तिचे पाय वाजतायत, जागी आहे. वर जाते. काय म्हणायचं ते दोनदा पाठ करून झालं, एकदा तुमच्यापुढे म्हणून बघते: राणी, मी मुद्दाम नाही गं केलं. मला खरंच वाटलं होतं, वर्महोल म्हणजे लांबलचक नळी.